उठून गेलेली माणसं

इंदुबाईच्या पाळणाघराचं काय झालं असं आमच्या सोसायटीत कोणी विचारलं तर लोक म्हणतात, "पोल घेतला होता ना." तेवढ्यावर विषय संपतो. मोबाईलच्या ग्रुपवर पोल, म्हणजे मतदान, घेतला होता हे खरं आहे. पण तो घेतला गेला तेव्हा त्र्याहत्तर माणसं आधीच बाहेर पडली होती, आणि त्यांना बाहेर मी काढलं होतं. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आमची सोसायटी पुण्याजवळ मांजरी गावात आहे. इक्षुवन तिचं नाव. चारशे बारा फ्लॅट. बी विंग उभी आहे तिथं आमचा ऊस होता. जमिनीच्या बदल्यात आम्हाला तीन फ्लॅट मिळाले आणि आम्ही रानातून चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. इंदुबाई पूर्वी आमच्याच रानात कामाला यायची. खुरपणाऱ्या बायकांची तान्ही पोरं ती बांधावर झोळ्या बांधून सांभाळायची. रडून काळंनिळं झालेलं पोर तिच्या खांद्यावर दिलं की गप्प व्हायचं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. नवरा लवकर गेला.

सोसायटी भरली तशी खराडीच्या कंपन्यांत जाणारी जोडपी राहायला आली. सकाळी आठला दोघंही बाहेर, पोर कुणाकडे ठेवायचं हा घराघरात प्रश्न. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी दीपमालाताई यांनी क्लबहाउसमागची खोली इंदुबाईला पाळणाघरासाठी दिली. अकरा महिन्यांचा करार, दरवेळी नव्याने करायचा. अशी पाच वर्षं गेली. शेवटी शेवटी तिच्याकडे एकोणीस मुलं होती. आमच्या शेजारच्या तेजसची स्वराली आठ महिन्यांची असल्यापासून तिच्याकडे होती. आता ती चार वर्षांची आहे.

सोसायटीचा मोबाईलवर ग्रुप होता, 'इक्षुवन परिवार'. पाचशे तीस माणसं. मी बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलो, त्यामुळे मला लिहायला वेळ लागतो, पण वाचतो मी सगळं. पाणी कधी जाणार, कुणाची गाडी कुणाच्या जागेवर लागली, कुणाचं मांजर हरवलं, हे त्यातूनच कळायचं.

पाळणाघराच्या खिडक्यांच्या बरोबर वर, आमच्याच विंगेत सहाव्या मजल्यावर, पियुष राहतो. तीस-बत्तीस वर्षांचा आहे, घरूनच काम करतो. नोव्हेंबरात त्याने ग्रुपवर लिहिलं, "खालच्या आवाजामुळे मीटिंगमध्ये अमेरिकेतला माणूस मला विचारतो, तू प्राणिसंग्रहालयात राहतोस का? मी काय सांगू?"

लोक हसले. इंदुबाईला कोणीतरी ते वाचून दाखवलं. ती घाबरली, कारण करार डिसेंबरात संपत होता. तिने खिडक्यांना आतून जाड गोधड्या लावल्या. मुलांचं जेवण एकाऐवजी बाराला सुरू केलं. मऊ भात, वर तूप. मग सगळ्यांना एका ओळीत झोपवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत थोपटत जायची. एक वाजेपर्यंत खोली शांत. मी स्वतः एकदा दुपारी डोकावलो होतो. एकोणीस पोरं झोपलेली आणि ही मधोमध बसून दाणे निवडत होती, तेही आवाज न करता.

दहा-बारा दिवस शांततेत गेले. मग पियुषनेच लिहिलं, "एक प्रश्न. एकोणीस मुलं रोज एकच्या ठोक्याला एकदम गप्प कशी होतात? तिथे काय पाजतात?"

त्याच्याखाली डी विंगच्या अभिनवने लिहिलं, "फॉर्म्युला मिळेल का? माझ्या बॉसला पाजायचाय."

हसरे चेहरे आले, पन्नास, साठ, ऐंशी. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळपर्यंत ती थट्टा राहिली नाही. कोणीतरी कुठल्यातरी दूरच्या शहरातली बातमी टाकली, की पाळणाघरात पोरांना खोकल्याचं औषध देऊन झोपवत होते. दुसऱ्याने बाटलीचा फोटो टाकला. तिसऱ्याने विचारलं, "ही आपल्या इथे सापडली का?" चौथा म्हणाला, "सापडली असं ऐकलंय." सकाळी मी गिरणीत दळण घेऊन गेलो तर तिथली बाई मला म्हणाली, "आप्पा, तुमच्या सोसायटीत बाटल्या सापडल्या म्हणं."

तेजसने ग्रुपवर लिहिलं, "मला वाटतं आधी आपण इंदुमावशींशी बोलूया. माझी मुलगी तीन वर्षांपासून..."

अभिनवचं उत्तर लगेच आलं. "वकीलसाहेब आले. उठून उभे राहा." पियुषने लिहिलं, "स्वतःच्या मुलीला औषध दिलेलं चालत असेल तर आमची काही हरकत नाही. आम्ही आमच्या मुलांचं बघतो." पियुषला मूल नाही. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने तेजसचा मजकूर गेला आणि तिथं 'हा संदेश काढून टाकला आहे' एवढंच राहिलं.

दीपमालाताईंनी लिहिलं, "कृपया सर्वांनी भाषा जपावी."

"मॅडम, भाषा नंतर जपू. आधी मुलं जपू," पियुष म्हणाला. त्याला दोनशे अंगठे आले.

तेव्हा मी लिहायला बसलो. मला पाऊण तास लागला. जोडाक्षरं सापडत नव्हती. मी लिहिलं, "इंदुबाईला मी चाळीस वर्षे ओळखतो. ती कोणाला काही पाजणार नाही. आमच्या काळी पोरांना जायफळाची गुटी देत असत. त्यानेही पोर झोपते. त्यात विष नसते."

मला वाटलं, मोठ्या माणसाने शब्द टाकला, आता विषय थांबेल.

"घ्या," अभिनवने लिहिलं. "आप्पांनी कबुली दिली. केस क्लोज्ड." आणि पाच मिनिटांत त्याने एक चित्र करून टाकलं. त्यात औषधाची बाटली, तिच्यावर माझा गणपतीतला फेटा बांधलेला फोटो, आणि खाली अक्षरं: इक्षुवन गुटी, एका चाटणात आठ तास.

दुपारी इंदुबाई माझ्या दारात आली. आत आली नाही.

"आप्पा, मी कधी गुटी दिली वो कुणाच्या पोराला?"

"न्हाई दिलीस."

"मग लिवलं कशाला?"

"अगं, मी तुझ्याच बाजूनं लिवलं."

"व्हय, पण दोन आया येऊन इचारून गेल्या. म्हणत्यात, जायफळ किती टाकता? आता मी काय सांगू? टाकतच न्हाई म्हणलं तर म्हणत्यात, आप्पा खोटं बोलत्यात का?" तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी आता काय लिवू नका. माझी खोली ऱ्हाऊ द्या म्हणजे झालं."

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये पियुष भेटला. मला बघून त्याने दार धरून ठेवलं. माझी काठी निसटली ती उचलून दिली. पोरगा बोलायला गोड. मी म्हणालो, "बाबा, त्या बाईचं पोट हाय त्याच्यावर. बाटली तू बघितली का?"

"नाही आप्पा, मी कुठे म्हटलं सापडली? मी फक्त प्रश्न विचारला." तो हसला. "आणि तुम्ही ते फोटोचं पर्सनली घेऊ नका. ग्रुपवर तसंच बोलावं लागतं. दोन वर्षं मी लिफ्टच्या आवाजाबद्दल 'नम्र विनंती, नम्र विनंती' लिहीत होतो. एकानेही उत्तर दिलं नाही. एक दिवस कमिटीची लाज काढली, चार दिवसांत मेकॅनिक आला. गोड बोललं की कोणी वाचत नाही हो."

चौथा मजला आला. त्याने पुन्हा दार धरलं. "सावकाश, आप्पा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सगळा ग्रुप मागे नेऊन पुन्हा वाचला आणि कागदावर नावं लिहून काढली. वाईट बोलणारी माणसं किती? नऊ. पाचशे तिसात नऊ. दोनशे जण अंगठे दाखवणारे. बाकी सगळे वाचून गप्प. पण वाचताना असं वाटत होतं की अख्खी सोसायटीच त्या बाईच्या अंगावर गेली आहे.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या गावात देवळाच्या ओट्यावर बैठक बसायची. तिथं रीत होती. कोणी तोंड सोडलं, बाईमाणसाबद्दल वेडंवाकडं बोललं, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. बैठकीतला सगळ्यात म्हातारा माणूस उठायचा, धोतर झटकायचा, पायताण घालायचा आणि न बोलता चालू लागायचा. मग दुसरा उठायचा. मग तिसरा. पान खाऊन होईस्तोवर ओटा रिकामा. माझ्या डोळ्यांदेखत हिंमतराव नावाच्या चांगल्या बागायतदार माणसावर ही वेळ आली होती. एका विधवा बाईच्या पाण्याच्या पाळीवरून तो नको ते बोलला. सगळे उठून गेले. तो आणि कंदील, दोघंच ओट्यावर राहिले. दोन दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तो त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिला. शिव्या देणाऱ्या माणसाला ऐकणारा लागतो. ऐकणारा उठला की त्याची जीभ वाळते, असं आम्ही मानत आलो.

मी ठरवलं, तेच करायचं.

दोन दिवस मी काठी टेकत दारोदार फिरलो. मुलांच्या आईबापांकडे गेलो, बागेतल्या बाकांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे गेलो, दीपमालाताईंकडे गेलो. सगळे एकच म्हणाले, आम्हालाही ते वाचवत नाही. माझं म्हणणं ऐकून कित्येकांना सुटल्यासारखं झालं. भांडायला नको, उत्तर द्यायला नको, नुसतं उठायचं. एक तेजस तेवढा म्हणाला, "आप्पा, पण आपण बाहेर गेल्यावर आत काय चाललंय ते कळणार कसं?"

मी म्हणालो, "आत कोण उरंल, तेजस? नऊ टाळकी. बसू दे एकमेकांचं तोंड बघत."

रविवारी अकरा वाजता तेजसने चार ओळी टाकल्या, 'अशा भाषेचा निषेध म्हणून आम्ही ग्रुप सोडत आहोत', आणि आम्ही निघालो. एकामागून एक नावं पडत गेली. हे बाहेर पडले, त्या बाहेर पडल्या. माझ्या नातवाने मोजली, त्र्याहत्तर. मला ओटा रिकामा होताना दिसत होता. त्या दिवशी मी दोन घास जास्त खाल्ले.

मग मी वाट बघितली. सोमवार गेला. मंगळवार गेला. पियुष इंदुबाईच्या दारात काही गेला नाही. नातवाच्या मित्राकडे ग्रुप होता, त्यात डोकावून नातवाने सांगितलं की अभिनवने लिहिलंय, "हवा मोकळी झाली." आणि त्याखाली हसरे चेहरे, पूर्वीइतकेच. आमच्या जागा रिकाम्या दिसतच नव्हत्या. ओट्यावर रिकामी जागा डोळ्यांना दिसते, गार दगड दिसतो. इथं पाचशे तिसाचे चारशे सत्तावन्न झाले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. जे गप्प होते ते गप्पच राहिले. बोलणारे नऊ होते, आता त्यांना अडवणारं एकही तोंड राहिलं नव्हतं.

ग्रुप चालवायचे अधिकार दोघांकडे होते, दीपमालाताईंकडे आणि पियुषकडे. पार्किंगच्या याद्या करायला वेळ त्याच्याकडेच होता, म्हणून ताईंनीच त्याला मागे दिलेले. ताई आमच्याबरोबर बाहेर पडल्या. उरला पियुष. बुधवारी सकाळी त्याने पोल लावला: पाळणाघराचा करार पुढे चालू ठेवावा का? मत द्यायला चोवीस तास. आम्हाला ते गुरुवारी कळलं, सगळं झाल्यावर.

बंद करा म्हणणारे चौसष्ट. चालू ठेवा म्हणणारे एकतीस.

चौसष्ट. आणि आम्ही त्र्याहत्तर बाहेर बसलो होतो.

मी ताईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "आप्पा, असा पोल नियमात बसत नाही. मी कमिटीत सांगितलं. पण बाकीचे म्हणाले, लोकांचं मत दिसतंय, आपण कशाला अंगावर घ्यायचं? करार चालू ठेवा असं माझं एकटीचंच मत पडलं." त्यांचे डोळे सुजलेले होते. महिनाभराने त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. त्या जागेवर आता पियुष आहे.

मी परत ग्रुपमध्ये घ्या म्हणून निरोप दिला. पियुषचं उत्तर आलं, तेही नम्रच. "आप्पा, पॉलिसी केली आहे. एकदा सोडलं की सहा महिने नाही. सगळ्यांना सारखाच नियम."

एकोणीस घरांतलं एकही घर खोलीसाठी कमिटीच्या दारात जाऊन बसलं नाही. त्यांना पोरं ठेवायला जागा हवी होती, ती त्यांनी हडपसरला, खराडीला शोधली. मी कोणाला बोलू शकत नव्हतो. भांडायचं नाही, नुसतं उठायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी इंदुबाईने खोली झाडून किल्ली दिली. ती खराडीच्या एका पाळणाघरात काम मागायला गेली. मी तिला कागद लिहून दिला होता, ही बाई मला ठाऊक आहे, हिच्या हातून वाईट होणार नाही, खाली सही. ती दुपारीच परत आली.

"कागूद वाचला का त्यांनी?"

"हातात घेतला न्हाई. बाईनं मोबाईल दावला मला. तुमचा फेटा व्हता त्यात." तिने कागद माझ्या हातात परत दिला. "त्यांच्याकडं माझ्या आधीच पोचलं व्हतं, आप्पा."

त्यानंतर ती दिसेनाशी झाली. फेब्रुवारीत कळलं की ती रोज पहिल्या बसने मंडईत जाते, एका गाळेवाल्याकडे मटार सोलायला. तेजसला मी सांगितलं. नव्या पाळणाघरात स्वराली जेवत नव्हती, रोज रडून रडून तिला ताप येत होता. तेजस म्हणाला, "आप्पा, मला घेऊन चला त्यांच्याकडे."

शनिवारी आम्ही तिघं मंडईत गेलो. गाळ्याच्या मागच्या बाजूला चार बायका पोत्यांवर बसून मटार सोलत होत्या. इंदुबाई कडेला होती. बोटं हिरवी झालेली, नखांत चीर पडलेली. आम्हाला बघून ती उठली नाही.

तेजस तिच्यासमोर उकिडवा बसला. "इंदुमावशी, तुम्ही आमच्या घरी या. फक्त स्वरालीसाठी. सकाळी आठ ते सहा. इथे मिळतंय त्याच्यापेक्षा जास्त देऊ."

"सोसायटीत?"

"मागच्या गेटने या. वॉचमनला मी सांगून ठेवतो. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"चोरून?"

"चोरून नाही हो... उगाच पुन्हा चर्चा नको, म्हणून."

इंदुबाईने हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले. "तेजसदादा, तुमी आता त्या ग्रुपात हाय का?"

तेजसने माझ्याकडे बघितलं नाही. "पाण्याच्या टँकरचं वगैरे कळायला लागतं ना. बायकोच्या नंबरवरून आहे."

"मग एक करा. तिथं लिवा, की ही बाई तीन वर्सं माझी पोर सांभाळत व्हती, हिनं कधी काय पाजलं न्हाई. एवढंच. नाव घालून. मी उद्या येते, म्होरल्या गेटनं."

तेजसने स्वरालीचा हात धरला. बाजूला हमाल ओरडत होता, सरका, सरका. तेजस म्हणाला, "आता विषय शांत झालाय, मावशी. पुन्हा काढला तर ते लोक... तुम्हालाच त्रास होईल."

"मला?" ती म्हणाली. आणि पुन्हा सोलायला लागली.

मी म्हणालो, "इंदू, चूक माझी हाय."

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. तुमी चांगल्यासाठीच केलं." ते तिने शेंग सोलता सोलता, अगदी सहज म्हटलं.

तेवढ्यात स्वराली बापाचा हात सोडून तिच्याकडे धावली. इंदूआजी, इंदूआजी म्हणत थेट गळ्यात पडायला गेली. इंदुबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. पोरीने तिच्या मांडीवर डोकं घुसवलं, तरी हात पुढे आले नाहीत. ती आजूबाजूच्या माणसांकडे, त्यांच्या हातांतल्या मोबाईलकडे बघत होती.

"उचला की हो," शेजारची बाई म्हणाली.

इंदुबाईने मान हलवली. स्वरालीने टोपलीकडे बोट दाखवलं, "मला."

इंदुबाईने एक कोवळी शेंग निवडली. पोरीच्या हातात दिली नाही. समोरच्या पोत्यावर ठेवली आणि हात परत मागे नेला. स्वरालीने ती उचलून दातांनी फोडली आणि दाणे खाल्ले.

"तिनं तिच्या हातानं घेतली," इंदुबाई तेजसला म्हणाली. "तुमच्या देखत. ध्यानात ठेवा."